पलीकडच्या आईसाठी

सावळवाडी, ता. उमरगा
१२ मे

चि. योना यास आईचा सलाम.

आधी तू धड हायस का ते लिही. बाकीचं मागनं.

फोन करत जाऊ नको. मला ऐकू येत न्हाय हे माहीत असून करतोस. म्या नुसती हां हां करते आन तुझा हनोखमामा माझ्यासमोर उभा राहून तू काय म्हणलास ते ओरडून सांगतो. पोटचं पोर बोलतंय आन म्या भावाच्या तोंडाकडं बघत बसायचं, हे मला पटत न्हाय. मागच्या खेपेला तर तो फोन घेऊन लिंबाखाली गेला. लई वेळ लावला. आला तर डोळे लाल. म्हणला, "बरा हाय योना. प्रार्थना करा म्हणतोय." एवढं सांगायला एवढा वेळ लागतो व्हय? पाळक झाल्यापासनं त्याचं असंच हाय, चार शब्दाचं काम असलं की चाळीस लावतो. तेव्हा तू पत्रच लिही. चौथीत शाळा सुटली, पण बायबल वाचून वाचून अक्षर टिकलंय माझं. लिहिता बी येतं, बघतोयस न्हवं.

आता गावची खबर. एस्टी स्टँडवर तुझा फोटो लागलाय. ह्या खोलीएवढा. अमरसिंह सरपंचानं लावलाय. खाली लिहिलंय, सावळवाडीचा वाघ. फोटो तुझा बारावीचा हाय, त्यात तू वाघ कसला, दूध सांडलेल्या मांजरावानी दिसतोस. पण लागलाय. जाता येता माणसं बघतात.

आन लक्ष्मीबाई पाटलीणीनं मला घरात बोलवलं. ओसरीवर न्हाय, आत. खुर्ची दिली, कपबशीत चहा दिला, त्यांच्यातल्याच. जन्म गेला तिचं रान खुरपण्यात, माझा कप गोठ्याच्या वळचणीला खोचलेला असायचा, आपल्या हातानं काढायचा, धुऊन परत खोचायचा. आता म्हणती, "राहेलबाई, तुमचा योना हाय म्हणून आमी झोपतो." म्या चहा सगळा पिला न्हाय. पण बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.

त्यात तुझ्या मामानं माती कालवली.

पहिल्या रविवारी प्रभुभोजन होतं. देवळात सगळी गल्ली आलती. सीमेवर पेटलंय म्हणल्यावर माणसं घाबरली की देवळात येतातच. मामानं सैनिकांसाठी प्रार्थना केली, तुझं नाव घेऊन केली, लोक रडले. इथपर्यंत चांगलं. मग समेटाची वेळ आली. आपल्या गल्लीची आज्यापासनंची रीत. भाकरीचा तुकडा आन मनुक्याचं पाणी हातात यायच्या आधी, ज्याच्याशी वाकडं हाय त्याच्याकडं जायचं, हात धरायचा. तो तिथं नसला तर उभं राहून त्याच्यासाठी देवाजवळ मागायचं. समेट न्हाय तर भाकर न्हाय. लहानपणी आमी बांधाच्या भांडणावरनं, कोंबडीच्या भांडणावरनं समेट केलेत.

तुझा मामा म्हणतो, "आज आपलं वाकडं सीमेपलीकडच्यांशी हाय. तिथं एक पोरगं मेलं. त्याला आई असंल. आपण सगळ्यांनी त्या आईसाठी मागायचं."

कुणी हालंना. मग बलभीमकाका उठला, त्याला बघून दुसरे उठले. मेंढरं.

म्या बसून राहिले. म्हणले, "हनोख, माझं लेकरू तिथं बंदुकीपुढं उभं हाय. त्याला मारायला जो आलता त्याच्या आईसाठी म्या तोंड उघडणार न्हाय."

तो म्हणला, "अक्का, तुझ्यासाठीच सांगतोय."

"माझ्यासाठी काय सांगतो? तुला लेकरू न्हाय, तुला काय कळतंय?"

हे बोलले म्या. मामी तिथंच बसलेली. बोलले तर बोलले.

आन मग तो ताट घेऊन आला. एकेकाला देत देत आला, आन माझ्यापुढनं निघून गेला. सख्ख्या बहिणीपुढनं. ज्याला म्या कडेवर घेऊन हिंडले, त्यानं मला भाकर दिली न्हाय.

म्या तशीच उठले, दळणाचा डबा घेतला आन सिद्धारामच्या गिरणीत गेले. तिथं बायकांनी विचारलं, तोंड का उतरलंय. म्या सांगितलं, माझा भाऊ पलीकडच्यांसाठी प्रार्थना करतोय. एवढंच बोलले.

तू पोटभर खात जा.

तुझी आई


(चौकीवरून)
२३ मे

आई, सलाम.

तुझं पत्र मिळालं. मी बरा आहे. हातपाय जागेवर आहेत. इथलं काही लिहिता येत नाही, लिहायचंही नाही.

गिरणीत बोललीस ते चांगलं केलं नाहीस. दळण झालं की गप घरी यायचं. गिरणीत एक शब्द टाकला की त्याचं पीठ होऊन गावभर उडतं, हे तूच मला सांगायचीस.

मामाचं काही चुकलं नाही. का ते आत्ता विचारू नको. सुट्टी मिळाली की तुझ्यासमोर बसून सांगेन. तोवर त्याच्याकडे जा आणि बोल. लोकांनी विचारलं तर सरळ सांग की त्यानं देशाविरुद्ध अवाक्षर काढलं नाही. तू सांगितलंस तर ऐकतील. सध्या गावात तुझं चालतंय, असं तुझ्याच पत्रावरून दिसतं.

आणि मामीसमोर तसं बोलायला नको होतं.

आई, तुला कधी असं वाटतं का, की एखादा माणूस ओरडत असला तर तो कुठल्या भाषेत ओरडतोय हे बघावं लागत नाही? जाऊ दे. इथं ऊन फार आहे, म्हणून काहीही सुचतं.

लोणचं पाठवू नको. मागची बरणी फुटून सगळ्यांच्या पत्रांना तेल लागलं. सगळे हसले मला.

आज्जीला सांग, मी तिच्या गोधडीवरच झोपतो.

तुझा
योना


सावळवाडी
५ जून

चि. योना,

तुझं पत्र वाचलं. म्या ओळखलं, मामानं फोनवर तुझे कान भरलेत. म्हणून तर लिंबाखाली जायचं असतंय. माझ्या पोराला माझ्याविरुद्ध करतो आन वर देवळात समेट शिकवतो. तू अजून लहान हायस. तू बंदूक धर, इथलं म्या बघते.

बघितलं बी.

गिरणीतली गोष्ट गावात फिरली. फिरता फिरता तिचं असं झालं की पाळक पलीकडच्यांचा जय व्हावा म्हणून प्रार्थना करतो. म्या तसं म्हणले न्हवते. पण दुरुस्त करायला बी गेले न्हाय. दारोदार हिंडून भावाची वकिली करू? ज्यानं मला भाकर दिली न्हाय त्याची?

सोमवारी पंचायतीपुढं सगळं गाव जमलं. मामाला बोलवून आणला. तो आला आपला, पांढरा सदरा घालून, जसं कुणाच्या लग्नाला निघालाय. मलाबी बोलवलं. मला खुर्ची होती. त्याला न्हवती.

अमरसिंह म्हणला, "पाळक, देशाचा जयजयकार करा."

मामानं केला. हात वर करून, खणखणीत. माणसं जरा बावचळली, त्यांना वाटलं हा करणार न्हाय.

मग म्हातारा कोंडीराम पुढं आला. "आता म्हण, पलीकडच्यांचं वाटोळं होवो."

"ते माझ्याच्यानं म्हणवत न्हाय, आबा."

"का? जीभ झडती का?"

"आमच्या प्रभूची मनाई हाय. शत्रूवर प्रीती करा म्हणून सांगितलंय त्यानं. गाव शांत असताना ते वाक्य म्या फळ्यावर लिहायचो. आता गाव पेटलं म्हणून कसं पुसू?"

"आमच्या पोरांवर गोळ्या चालल्यात आन ह्याला वाक्य सुचतंय," मागनं कुणीतरी म्हणलं म्हणे. लोक हसले. ते हसणं चांगलं न्हवतं. मला ऐकू आलं न्हाय, पण तोंडं दिसली.

अमरसिंह माणूस तसा वाईट न्हाय. त्यानं वाट काढून दिली. जवळ जाऊन म्हणला, आन मला परत सांगितलं म्हणून कळलं, "पाळक, ही प्रार्थना तुमच्या डोक्यातनं आलेली न्हाय. तुम्हाला कुणीतरी सांगितली. त्याचं नाव सांगा आन घरी जा. आमी त्याच्याकडं बघतो."

मामानं नाव काढलं न्हाय. आन माझ्याकडं बघितलं त्यानं. म्या तोंड फिरवलं. म्हणले, बघ आता माझ्याकडं, ताट घेऊन जाताना का बघितलं न्हाईस?

मग अमरसिंह माझ्याकडं वळला. "राहेलबाई, तुम्ही सैनिकाच्या आई. तुम्ही सांगाल ते गाव ऐकंल."

योना, ह्या गावानं मला तुम्ही कधी म्हणलं न्हवतं.

म्या उठले आन म्हणले, "ह्यानं माझ्या लेकाला सोडून दुसऱ्याच्या लेकासाठी हात जोडले. हा माझा भाऊ न्हाय."

पुढचं म्या बघितलं न्हाय. बघितलं, पण लिहीत न्हाय.

मामा, मामी दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं भूमला गेले, मामीच्या भावाकडं. गावानं आपल्या गल्लीला गिरणी बंद केली होती, फक्त आपल्या घराला न्हवती. मग बलभीमकाकानं देवळावर झेंडा लावला तेव्हा सगळ्यांना सुरू झाली. आज्जी गाडीत बसवायसारखी न्हवती, पाय सुजलेत, म्हणून तिला म्या माझ्याकडं आणली. सारखी विचारती, हनोख कुठं गेला. म्या सांगते, सभेला गेलाय.

अमरसिंहानं सांगून टाकलंय, पाळकाला परत यायचं असलं तर एकच अट. सैनिकाच्या आईनं म्हणायचं, येऊ द्या. तिनं म्हणलं की गाव म्हणणार, ये. म्हणजे माझ्या हातात हाय.

राहू दे जरा. कळू दे त्याला, पुढनं ताट निघून गेलं की कसं वाटतंय.

आई


भूम
१५ जून

प्रिय अक्कास,

प्रभूमध्ये सलाम.

तू बरी असशील. आम्ही इथं बरे आहोत. डाव्या कानाचा पडदा फाटला आहे असं डॉक्टर म्हणाले, त्यातून पाणी येतं, पण दुखणं कमी आहे. बाजाराच्या दिवशी मेव्हण्याच्या भाजीच्या पालावर बसतो. माझ्याकडून एका बाईनं वांगी घेतली आणि म्हणाली, तुम्ही फार हळू बोलता, गिऱ्हाईक कसं येणार. मला हसू आलं. देवळात लोक म्हणायचे, पाळक फार मोठ्यानं बोलतात.

तुझ्यावर माझा राग नाही. त्या दिवशी तुझ्यापुढून ताट नेलं ते मला जड गेलं. पण रीत तुझ्यासाठी मोडली असती तर ती कुणासाठीच राहिली नसती. तुला वाटलं मी योनाला सोडून दुसऱ्याकडे गेलो. अक्का, मी योनाला सोडलेलं नाही. एवढंच लिहू शकतो. ह्यापुढं विचारू नकोस, मी सांगणार नाही.

आता कामाचं लिहितो. बलभीमकाकानं निरोप दिला की आईनं अन्न सोडलं आहे. मला तिला बघायचं आहे. मला गावात राहू दे असं मी म्हणत नाही. एक दिवस येऊ दे. तिच्याजवळ बसेन, प्रार्थना करीन, संध्याकाळच्या गाडीनं परत जाईन. देवळाकडे बघणारसुद्धा नाही. सरपंचांना तू फक्त हो म्हण. तुझा एक शब्द लागतो.

आईला माझा सलाम सांग. तिला दूध कोमट करून दे, गरम तिला चालत नाही.

तुझा भाऊ
हनोख


सावळवाडी
१९ जून

हनोख,

पत्र मिळालं. आईला दूध कसं द्यायचं ते मला शिकवू नको. तिला म्या तुझ्या आधीपासनं ओळखते.

ती तुझं नाव काढत न्हाय. विसरली तुला. काल मला म्हणली, मला एक लेकच हाय. तेव्हा तू कशासाठी येतोस? तुला वाटतं, तू आलास, दोन शब्द बोललास, की ती उठून बसंल. तुझ्याशिवाय कुणाला मरता बी येत न्हाय, असं वाटतं का तुला?

योनाला सोडलं न्हाय म्हणतोस. मग पंचायतीपुढं त्याच्या आईची इज्जत राखायला तुझी जीभ का उचलली न्हाय? नाव विचारलं तर नाव सांगायचं होतंस. कुणाला झाकतोस? उमरग्याच्या त्या मोठ्या पाळकाला? का ते शहरातनं पुस्तकं घेऊन येतात त्यांना? ते येणार न्हाईत तुझ्या फाटक्या कानात औषध घालायला.

देशावर असलं संकट आलं की ख्रिस्ती माणसानं काय करावं, ते मला चौथीवालीला कळतंय. गावासंगं उभं राहावं, गाव रडलं तर रडावं, गाव ओरडलं तर ओरडावं. नंतर घरात येऊन कडी लावून काय मागायचं ते देवाजवळ मागावं. देवाला ऐकू येतंय, त्याचे कान धड हायत. तुला ते भरल्या देवळात, मोठ्यानंच मागायचं होतं. तुला चांगलं दिसायचं होतं.

येऊ नको. म्या हो म्हणणार न्हाय.

राहेल


(चौकीवरून)
२० जून

आई,

तुझं पाच तारखेचं पत्र काल मिळालं. मी ते दोनदा वाचलं आणि मग शिवशरणकडे दिलं, तो माझ्या शेजारी झोपतो, लातूरकडचा आहे. त्यानं वाचलं आणि घडी घालून परत दिलं.

सुट्टीची वाट बघण्यात अर्थ नाही. आता लिहून टाकतो.

ती प्रार्थना मी सांगितली.

त्या दिवशी चकमक झाली. कुठं, कशी, ते लिहीत नाही. ती संपल्यावर त्यांच्यातला एक जण मधल्या ओढ्यात पडून राहिला. आम्हाला जाता येत नव्हतं, त्यांनाही येत नव्हतं. उजाडल्यापासून उन्हं चढेपर्यंत तो ओरडत होता. अम्मी, अम्मी. आधी मोठ्यानं, मग लहान मुलासारखं. मला दुर्बिणीतून त्याचं तोंड दिसत होतं. मिशी नीट फुटली नव्हती. माझी गोळी होती की शिवशरणची, आम्हा दोघांनाही माहीत नाही. आम्ही एकमेकांना विचारलं नाही, विचारणार नाही. मी माझं काम केलं, आई. परत वेळ आली तर परत करीन. त्याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. पण तो आवाज जात नाही. जेवताना येतो. तू फोनवर हां हां करतेस तेव्हाही येतो.

म्हणून मामाला सांगितलं. त्याला म्हणालो, मला प्रार्थना करता येत नाही, माझ्या तोंडातून शब्द निघत नाहीत. माझ्या वतीनं तुम्ही करा. त्या पोराच्या आईसाठी. एकट्यानं नको, सगळ्या देवळानं करा, कारण मला एकट्याचं पुरणार नाही असं वाटतं. आणि माझं नाव सांगू नका. आईला तर नाहीच. तिच्या डोक्यात माझा फोटो आहे, तो राहू दे. मामानं शपथ घेतली.

तो तुला म्हणाला होता ना, अक्का, तुझ्यासाठीच सांगतोय. त्याला हे म्हणायचं होतं. मला वाटत होतं, तू त्या आईसाठी मागितलंस तर मला झोप येईल. मी वेडा असेन.

पंचायतीत त्याला नाव विचारलं तेव्हा त्यानं तुझ्याकडे का बघितलं, ते आता तुला कळेल.

माझी सुट्टी मंजूर झाली आहे. पुढच्या महिन्यात येतो. आल्या आल्या पंचायतीपुढं उभा राहून मी सगळं सांगणार आहे. तोवर थांबू नको. हे पत्र मिळताच सरपंचांकडे जा आणि हो म्हण. मामाला आज्जीजवळ येऊ दे.

योना


सावळवाडी
६ जुलै

योना,

तुझं पत्र आलं त्याच्या आधी आज्जी गेली.

तारखा बघत बसू नको. म्या बघितल्यात. त्यानं काही होत न्हाय.

हनोखला बलभीमकाकानं कळवलं. तो आला, हायवेच्या फाट्यापर्यंत आला. तिथं टपरीपाशी उभा होता, मामी संगं होती. अमरसिंहानं मला माणूस पाठवला, पाळक फाट्यावर हाय, येऊ देऊ का. माती द्यायची वेळ. गल्ली सगळी माझ्याकडं बघत होती.

म्या मान हालवली. न्हाय म्हणून.

आज्जीला माती दिली. पाळक न्हवता म्हणून म्याच वाचलं, जेवढं आलं तेवढं. गावातनं माणसं आलती, पाटलीणबाई आलती, सगळे म्हणले सैनिकाच्या आज्जीला शोभंल असं झालं. फाट्यावरनं आपलं मसणवाटं दिसतंय हे तुला माहीतच हाय. तो तिथनं बघत उभा होता म्हणे. संध्याकाळच्या गाडीनं गेला.

आन हनोखला म्या जे लिहिलं होतं, की आई तुझं नाव काढत न्हाय, ते खोटं. ती शेवटपर्यंत त्याचंच नाव घेत होती. मला हनोख म्हणून हाक मारायची. म्या ओ द्यायची.

मग तुझं पत्र आलं.

म्या भूमला गेले. विचारत विचारत गेले. एका खोलीत राहतात, वर पत्रा, उन्हात भट्टी. मामीनं मला बघून पदर ओढला आन भांडी घेऊन बाहेर गेली. पाणी विचारलं न्हाय. बरं केलं. हनोख खाटेवर बसला होता. म्या डाव्या अंगाला बसले, त्याला ऐकू येईना, म्हणून उजव्या अंगाला आले. त्यानं सांगितलेलं मला ऐकू येईना. दोघं बहीणभाऊ असे ओरडत बसलो, बाहेर माणसं थांबली. मग त्यानं दार लावलं आन आमी हळूच बोललो, ओठ बघून.

त्याला सांगितलं, मला कळलंय.

तो म्हणला, "योनानं सांगायला नको होतं. बरा हाय ना तो?"

म्या म्हणले, "तो पंचायतीपुढं उभा राहून सगळं सांगणार म्हणतोय."

तो घाबरला. पंचायतीत घाबरला न्हवता तेवढा घाबरला. म्हणला, "त्याला अडव अक्का. त्याचं वाटोळं होईल."

म्या तेच सांगायला गेलते. तुझं नाव त्यानं काढायचं न्हाय, जन्मभर, हे त्याच्याकडनं वदवून घ्यायला गेलते. सगळं ठरवून गेलते, कसं धमकवायचं, काय काय ऐकवायचं. त्यानं माझ्या आधी म्हणून टाकलं. मला त्याचाच राग आला. माणसानं एवढं तयार असू नये.

मग म्या उठताना त्यानं विचारलं, "आता तरी येऊ का अक्का? गल्लीत न्हाय राहणार. आईच्या मातीवर जाऊन येतो."

आता नीट वाच.

म्या न्हाय म्हणले.

तो परत आला तर गाव विचारणार, राहेलबाईचा राग कसा गेला? काय कळलं तिला? अमरसिंह हुशार हाय, नाव त्यानं सोडलेलं न्हाय. हनोख जवळ असला, रोज समोर दिसला, तर कधीतरी माझ्याच तोंडातनं निघून जाईल. म्या गिरणीत तोंड उघडते, तुला माहीत हाय. तेव्हा तो लांब असलेला बरा. तो तिकडं वाईट राहिला तर तू इकडं चांगला राहतोस. दोन्ही चांगले राहतील एवढी जागा ह्या गावात न्हाय.

असं म्या त्याला तोंडावर सांगितलं. तो म्हणला, "बरं अक्का." मामी दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं. ती म्हणली, "बाई, तुम्हाला लेकरू हाय, आता आम्हाला कळलं लेकरू असलं की माणूस काय होतं." आन थुंकली. माझ्यावर न्हाय, बाजूला.

आता तुझं. सुट्टीवर ये. स्टँडवर सत्कार ठेवलाय, म्या हो म्हणून बसलेय. अमरसिंह हार घालंल, पाटलीणबाई ओवाळंल. ओवाळून घे, काही होत न्हाय. भाषण करायला सांगितलं तर दोन शब्द बोल आन खाली बस. मामाचं नाव कुणी काढलं तर म्हण, घरचा मामला हाय, आई बघती. पंचायतीपुढं जायचं न्हाय. गेलास तर फोटोवर शेण पडंल, नोकरीवर बालंट येईल, आन हनोखनं खाल्लेला मार फुकट जाईल. तो फुकट जाऊ देऊ नको. एवढं तरी त्याच्यासाठी कर.

देवळात आता शेजारच्या गावचे पाळक येतात. देशासाठी प्रार्थना करतात, विजयासाठी करतात, आन ताट फिरवतात. समेट बंद केलाय, म्हणतात त्यानं उगाच वाद होतात. सगळ्यांना भाकर मिळती. मलाबी मिळाली. कुणी काही विचारलं न्हाय.

तुझा आवाज जात न्हाय म्हणतोस. जाईल. माणसाला सगळ्याची सवय होती. आज्जी हनोख म्हणून हाक मारायची, ते मला अजून ऐकू येतं, बहिरी असून. त्याचीबी सवय होईल.

आन एक. त्या ओढ्यातल्या पोराचं नावगाव, त्याच्या आईचं काही तुला कधी कळलं, तर मला कळवू नको. म्या तिच्यासाठी मागणार न्हाय. बसून बघितलं काल. गुडघे टेकले, डोळे मिटले. तिच्या जागी मला सारखा हनोख दिसला, फाट्यावर उभा. उठले आन भाकरी थापायला घेतल्या.

तुझी आई